इव्हेंट लूप वापरूनही सर्व्हर मधूनच थिजतो : चूक कोठे शोधावी?

प्रश्न

नमस्कार. मी सी भाषेत एक लहान सर्व्हर लिहिला आहे. मोजमाप करणारी उपकरणे टीसीपी जोडणीवरून त्याला एकेका ओळीचे संदेश पाठवतात. सर्व्हर प्रत्येक संदेश फाइलमध्ये नोंदवतो आणि ज्या प्रोग्रामांनी मागणी केली आहे त्या सर्वांना तो पुढे पाठवतो. पूर्वी प्रत्येक जोडणीला एक स्वतंत्र थ्रेड (प्रोग्राममध्ये इतरांसोबत समांतर चालणारा कामाचा प्रवाह) होता. जोडण्या चारशेच्या आसपास गेल्यावर सामायिक यादीभोवतीची लॉक्स सांभाळणे अवघड झाले, दोन वेळा डेडलॉकही झाला (थ्रेड एकमेकांच्या लॉकसाठी कायमचे अडकून राहिले), म्हणून सगळा प्रोग्राम लिबयूव्ही या इव्हेंट लूप लायब्ररीवर, म्हणजे एकाच थ्रेडवर घडेल तशी प्रत्येक घटना हाताळणाऱ्या रचनेवर, नव्याने लिहिला. लॉक्स पूर्णपणे गेली आणि प्रोग्राम निम्म्याहून लहान झाला, याचे मला समाधान आहे. मात्र तीन अडचणी उरल्या आहेत आणि त्यांचा एकमेकींशी संबंध आहे की नाही, हे मला ठरवता येत नाही.

पहिली अडचण अशी की दिवसातून काही वेळा संपूर्ण सर्व्हर दोन-तीन सेकंद थिजतो. त्या काळात कोणत्याच जोडणीवर काही हलत नाही, नवीन जोडणीही स्वीकारली जात नाही आणि नंतर साचलेले सगळे एकदम बाहेर पडते. प्रोसेसरचा वापर मात्र तेव्हा जवळजवळ शून्य असतो. दुसरी अडचण म्हणजे एखादा ग्राहक-प्रोग्राम संथ झाला की सर्व्हरची मेमरी वाढत राहते. तिसरी सर्वांत विचित्र आहे: काही ग्राहकांना क्वचित तुटकी किंवा भलत्याच संदेशाची अक्षरे मिसळलेली ओळ मिळते, आणि ही तक्रार नेहमी संथ जोडणीवरच्या ग्राहकांचीच असते.

वाचनाच्या कॉलबॅकमध्ये (माहिती आली की लायब्ररी बोलावते त्या माझ्या फंक्शनमध्ये) मी पुढील क्रमाने कामे करते: आलेल्या बफरमधून ओळ वेगळी काढते, पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून गेटनेमइन्फोने त्याचे नाव शोधते, नाव आणि संदेश एका स्थानिक अ‍ॅरेमध्ये जोडते, तो फाइलमध्ये लिहून लगेच एफसिंक करते (माहिती डिस्कवर पोहोचवायला सांगते), आणि शेवटी तोच अ‍ॅरे प्रत्येक ग्राहकाला यूव्ही_राइट या लिबयूव्हीच्या फंक्शनने पाठवते. सगळे सॉकेट (जोडणीची प्रोग्राममधील टोके) लायब्ररीनेच नॉन-ब्लॉकिंग, म्हणजे वाट न पाहता लगेच परतणारे, केलेले असताना सर्व्हर थांबतो कशामुळे, हे कृपया समजावून सांगावे.

उत्तर १

आपण दिलेल्या वर्णनातच पहिल्या अडचणीचे उत्तर आहे. सर्व्हर थिजलेला असताना प्रोसेसर रिकामा आहे, याचा अर्थ प्रोग्राम हिशेब करत नसून कोणाची तरी वाट पाहत आहे. इव्हेंट लूपमध्ये वाट पाहण्याची जागा एकच असायला हवी, ती म्हणजे लूप कर्नलला "कोणत्या सॉकेटवर काही घडले आहे का" असे विचारतो ती. आपल्या कॉलबॅकमध्ये अशा आणखी दोन जागा तयार झाल्या आहेत, आणि त्या म्हणजे गेटनेमइन्फो आणि एफसिंक.

सॉकेट नॉन-ब्लॉकिंग केला म्हणून त्याच थ्रेडवर बोलावलेले इतर फंक्शन नॉन-ब्लॉकिंग होत नाही. गेटनेमइन्फो नावाच्या शोधासाठी डीएनएस सर्व्हरला प्रश्न पाठवते आणि उत्तर येईपर्यंत परत येत नाही. लिनक्सवर सर्वसाधारण मांडणीत एका प्रयत्नाची मुदत ५ सेकंद आणि प्रयत्न २ असतात, त्यामुळे डीएनएस सर्व्हर गप्प राहिला तर आपला लूप त्याहूनही जास्त काळ अडकून राहू शकतो. एफसिंकचे काम तर डिस्कवर माहिती खरोखर पोहोचली याची खात्री होईपर्यंत थांबणे हेच आहे. डिस्कवर दुसऱ्या एखाद्या प्रक्रियेचे मोठे लेखन चालू असेल, तर तेवढा वेळ आपल्या चारशेही जोडण्या ताटकळतात, कारण त्या सर्वांची कामे ओळीने करणारा थ्रेड एकच आहे.

येथे एक स्वाभाविक शंका येते की फाइललाच नॉन-ब्लॉकिंग का करू नये. साध्या फाइलवर नॉन-ब्लॉकिंग खूण लावली तरी युनिक्स कुळातील प्रणालींवर तिचा व्यवहारात उपयोग होत नाही. कोणती जोडणी तयार आहे हे कर्नलला विचारणारी सिलेक्ट आणि पोल ही फंक्शने साधी फाइल नेहमीच "तयार" आहे असे सांगतात, आणि त्याच कामाच्या लिनक्सच्या ईपोलमध्ये साधी फाइल नोंदवायला गेल्यास ती ईपर्म ही त्रुटी देऊन नाकारली जाते. "तयार असणे" ही कल्पना सॉकेट, पाइप, टर्मिनल अशा गोष्टींसाठी आहे, जेथे पलीकडून माहिती कधी येईल हे ठाऊक नसते. फाइलच्या बाबतीत कर्नल असे मानतो की माहिती हाताशीच आहे, मग ती डिस्कवरून आणायला कितीही वेळ लागो. म्हणूनच लिबयूव्ही सॉकेटसाठी लिनक्सवर ईपोल, मॅकओएस आणि बीएसडी प्रणालींवर केक्यू आणि विंडोजवर आयओसीपी या त्या-त्या प्रणालीच्या सोयी वापरते, पण फाइलची कामे आणि नावांचे शोध मुख्यतः थ्रेड पूलकडे, म्हणजे अशा कामांसाठी राखलेल्या वेगळ्या थ्रेडांच्या संचाकडे, सोपवते. हा भेद लक्षात आला नाही तर "सगळे असिंक्रोनस आहे" असा चुकीचा दिलासा मिळतो.

तेव्हा गेटनेमइन्फोऐवजी यूव्ही_गेटनेमइन्फो वापरा, आणि तेही प्रत्येक संदेशाला न करता जोडणी स्वीकारताना एकदाच करून उत्तर जोडणीच्या स्ट्रक्चरमध्ये जपून ठेवा. फाइलसाठी यूव्ही_एफएस_राइट आणि यूव्ही_एफएस_एफसिंक यांना कॉलबॅक देऊन वापरा. या फंक्शनांना कॉलबॅकच्या जागी नल दिल्यास ती सिंक्रोनस पद्धतीने चालतात आणि आपण पुन्हा मूळ जागी येतो, हे विसरू नये.

दुरुस्ती करण्यापूर्वी मोजमाप अवश्य करा. दर १०० मिलिसेकंदांनी वाजणारा एक टायमर लावा आणि दोन वाजण्यांमधील खरे अंतर यूव्ही_एचआरटाइमने मोजा. अंतर १०० ऐवजी २,८०० आले तर मधल्या काळात लूप कोठेतरी अडकला होता. येथे यूव्ही_नाऊ वापरू नका, कारण ते लूपच्या फेरीत जपून ठेवलेली वेळ देते, चालू क्षणाची नाही. अडकलेली जागा शोधण्यासाठी एसट्रेस हे साधन प्रत्येक सिस्टिम कॉलला लागलेला वेळ दाखवणारा पर्याय देऊन चालवा. ईपोलच्या प्रतीक्षेखेरीज दुसऱ्या कोणत्याही कॉलपुढे मोठा आकडा दिसला की तोच दोषी आहे.

उत्तर २

वरील निदान योग्य आहे, परंतु ते जसेच्या तसे अमलात आणले तर दोन नव्या चुका होण्याची शक्यता मला दिसते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

लिबयूव्हीचा थ्रेड पूल मुळात फक्त ४ थ्रेडांचा असतो आणि तो संपूर्ण प्रक्रियेत एकच असतो. फाइलची कामे, नावांचे शोध आणि यूव्ही_क्यू_वर्कने दिलेली आपली स्वतःची कामे, ही सर्व त्याच ४ थ्रेडांवर चालतात. डीएनएस अडकल्यावर पूर्ण पूल व्यापला जाऊ नये म्हणून अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये नावांच्या शोधांना जास्तीत जास्त निम्मे थ्रेड मिळतात, म्हणजे ४ पैकी २. तरीही आपल्याकडे चारशे उपकरणे एकाच वेळी पुन्हा जोडली गेली तर चारशे शोध रांगेत उभे राहतील आणि शेवटच्या उपकरणाचे नाव बऱ्याच उशिरा कळेल. संदेशाची नोंद नावावर अवलंबून ठेवू नका. आधी पत्त्यासह नोंद करा आणि नाव मिळाल्यावर पुढील नोंदींमध्ये ते वापरा. पूलचा आकार यूव्ही_थ्रेडपूल_साइझ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने १०२४ पर्यंत वाढवता येतो, मात्र पूलचा पहिला वापर होण्यापूर्वी तो ठरवावा लागतो. माझ्या मते आपल्या प्रोग्रामला ही वाढ लागणार नाही.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. प्रत्येक संदेशासाठी वेगळे यूव्ही_एफएस_राइट दिले, तर त्या विनंत्या निरनिराळ्या थ्रेडांकडे जातात आणि त्या कोणत्या क्रमाने पुऱ्या होतील याची हमी राहत नाही. चालू थ्रेडवर आपोआप सांभाळला जाणारा क्रम पूलमध्ये हरवतो. याचा उपाय असा की फाइलवर एका वेळी एकच लेखन चालू ठेवावे. लेखन चालू असताना आलेले संदेश एका यादीत साठवावेत, आधीचे लेखन आणि त्यामागचे एफसिंक पुरे झाल्याचा कॉलबॅक आला की साचलेली संपूर्ण यादी एकाच यूव्ही_एफएस_राइटमध्ये द्यावी, कारण ते फंक्शन एकाहून अधिक बफर स्वीकारते, आणि मग त्या सर्वांसाठी एकच एफसिंक करावे.

ही मांडणी मला फार आवडते, कारण ताण वाढेल तशी ती आपोआप कार्यक्षम होते. डिस्क वेगवान असेल तर प्रत्येक खेपेत एक-दोन संदेश जातात. डिस्क ३ सेकंद अडली तर त्या काळात साचलेले शेकडो संदेश पुढच्या एकाच खेपेत जातात आणि शेकडो एफसिंकऐवजी एकच होतो. डेटाबेस व्यवहार एकत्र करून नोंदवतात ते याच तत्त्वावर. अर्थात संदेश "नोंदला गेला" अशी पोच उपकरणाला द्यायची असेल, तर ती त्याच्या खेपेचे एफसिंक पुरे झाल्यावरच द्यावी लागेल.

लेखनाच्या कॉलबॅकमध्ये परतलेला आकडा तपासणेही आवश्यक आहे, कारण दिलेल्यापेक्षा कमी बाइट लिहिले गेलेले असू शकतात. आणि एफसिंकने त्रुटी दिली तर "पुन्हा करून पाहू" असे करू नये. लिनक्सवर फसलेल्या एफसिंकनंतर कर्नल ती पाने (डिस्कवर जायचे बाकी असलेले मेमरीचे तुकडे) स्वच्छ, म्हणजे लिहून झालेली, म्हणून खुणावू शकतो आणि दुसरा एफसिंक यशस्वी झाला तरी माहिती डिस्कवर नसू शकते. पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसच्या विकासकांमध्ये २०१८ साली या वर्तनावर मोठी चर्चा झाली आणि त्यांनी त्यानंतर पुनःप्रयत्नाऐवजी सर्व्हर थांबवून लॉगमधून सावरण्याचा मार्ग स्वीकारला.

उत्तर ३

पहिल्या अडचणीवर पुरेसे लिहिले गेले आहे, म्हणून मी दुसरीकडे आणि तिसरीकडे वळतो. माझ्या दृष्टीने तिसरी सर्वांत गंभीर आहे.

स्थानिक अ‍ॅरे यूव्ही_राइटला देणे हीच चूक आहे. यूव्ही_राइट परत येते तेव्हा लेखन संपलेले असतेच असे नाही. त्या क्षणी फक्त विनंती स्वीकारली गेलेली असते, आणि लेखनाचा कॉलबॅक येईपर्यंत बफरमधील मेमरी जशीच्या तशी राहणे ही आपली जबाबदारी असते. विनंतीचे स्ट्रक्चरही तोपर्यंत जिवंत लागते. आपला वाचनाचा कॉलबॅक संपला की स्थानिक अ‍ॅरेची जागा स्टॅकवर मोकळी होते आणि पुढच्या संदेशाने ती भरली जाते. लायब्ररी उरलेले बाइट पाठवायला तेथे परत येते तेव्हा तिला भलत्याच संदेशाची अक्षरे सापडतात.

ही चूक संथ ग्राहकांनाच का दिसते, याचे कारणही नेमके आहे. युनिक्स प्रणालींवर यूव्ही_राइट, त्या सॉकेटची रांग रिकामी असेल तर, लगेचच लिहून पाहते. ग्राहक वेगाने वाचत असेल तर कर्नलच्या बफरमध्ये जागा असते, सगळे बाइट तेथल्या तेथे जातात आणि नंतर आपला अ‍ॅरे नाहीसा झाला तरी काही बिघडत नाही. ग्राहक संथ असेल तर कर्नल ईअगेन ("आत्ता जागा नाही, नंतर या" अशी त्रुटी) देतो, उरलेला भाग रांगेत राहतो आणि मगच घात होतो. म्हणजे आपला प्रोग्राम आजवर बहुतेक वेळा केवळ योगायोगाने बरोबर चालत होता. चाचणी करताना अशा चुका सापडाव्यात म्हणून मी नेहमी मुद्दाम न वाचणारा एक ग्राहक-प्रोग्राम ठेवतो आणि सर्व्हर अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारे साधन) लावून बांधतो. तुम्हीही तसे केलेत तर दहा मिनिटांत खात्री पटेल.

उपाय असा की संदेश हीपवर (आपण मोकळी करेपर्यंत टिकणाऱ्या मेमरीत) एकदाच तयार करावा आणि त्याला एक गणक जोडावा. वीस ग्राहकांना पाठवायचा असेल तर गणक २०, फाइलच्या नोंदीसाठी आणखी १. प्रत्येक कॉलबॅकमध्ये गणक एकने कमी करावा आणि शून्य झाला की मेमरी मोकळी करावी. हे सगळे कॉलबॅक एकाच थ्रेडवर चालत असल्यामुळे या गणकाला लॉक लागत नाही. यूव्ही_राइटनेच त्रुटी परत केली तर कॉलबॅक येत नाही, तेथे गणक हाताने कमी करावा लागतो.

आता वाढत्या मेमरीबद्दल. संदेश सरासरी २०० बाइटांचा आणि दर सेकंदाला ५० संदेश असे धरले, तर वाचन थांबवलेल्या एका ग्राहकामागे दर सेकंदाला १०,००० बाइट साचतात, म्हणजे तासाला ३६ मेगाबाइट. लायब्ररी ही रांग स्वतःहून कोठेही रोखत नाही. किती साचले आहे ते यूव्ही_स्ट्रीम_गेट_राइट_क्यू_साइझ सांगते, पण मर्यादा ठरवून निर्णय घेणे आपल्यावरच आहे.

नेहमीचा सल्ला असा असतो की रांग वाढली तर मूळ पाठवणाऱ्याकडून वाचणे यूव्ही_रीड_स्टॉपने थांबवावे. मग कर्नलचा ग्रहण-बफर भरतो, टीसीपीची खिडकी (पलीकडून आणखी किती बाइट घेता येतील याची मर्यादा) मिटते आणि पाठवणारा आपोआप मंदावतो. एकाकडून घेऊन एकालाच देणाऱ्या मध्यस्थासाठी ही पद्धत उत्तम आहे. आपला सर्व्हर मात्र एकाकडून घेऊन अनेकांना देतो, आणि एका संथ ग्राहकासाठी स्रोत रोखला तर उरलेल्या सर्वांना त्याची शिक्षा होते. म्हणून ग्राहकाची रांग, समजा, १ मेगाबाइटच्या वर गेली की त्याची जोडणी तोडावी, आणि पुन्हा जोडल्यावर त्याने राहिलेले संदेश फाइलमधून मागून घ्यावेत, अशी व्यवस्था मी करीन. यूव्ही_रीड_स्टॉपचा उपयोग फक्त फाइलची साचलेली यादी हाताबाहेर गेल्यास करावा, कारण नोंद हे सर्वांसाठी समान आणि अनिवार्य काम आहे.

उत्तर ४

सर्व उत्तरे नीट वाचली आणि त्यांच्याशी सहमत आहे. एक वेगळा मुद्दा नोंदवावासा वाटतो, कारण हा धागा पुढे वाचणाऱ्यांचा असा समज होऊ नये की जोडण्या वाढल्या की इव्हेंट लूप घ्यायलाच हवा.

सिलेक्ट १९८३ च्या ४.२ बीएसडीमध्ये आले. त्याची सर्वत्र रुळलेली १०२४ डिस्क्रिप्टरांची (उघड्या फाइल-जोडण्यांच्या क्रमांकांची) मर्यादा आणि प्रत्येक वेळी संपूर्ण यादी चाळण्याचा खर्च, यांमुळे १९९९ च्या सुमारास "दहा हजार जोडण्या एका यंत्रावर कशा सांभाळाव्यात" हा प्रश्न ऐरणीवर आला. फ्रीबीएसडीमध्ये २००० साली केक्यू आणि लिनक्सच्या विकास-आवृत्तीत २००२ साली ईपोल आले ते या पार्श्वभूमीवर. चारशे जोडण्या हा त्या श्रेणीतला आकडा नाही. आजच्या यंत्रावर चारशे थ्रेड सहज चालतात. प्रत्येक थ्रेडच्या स्टॅकसाठी ८ मेगाबाइट राखलेले दिसले तरी ती आभासी जागा असते, प्रत्यक्ष मेमरी वापरेल तेवढीच लागते.

तरीही आपला निर्णय योग्य आहे असेच मी म्हणेन, कारण आपल्याला झालेला खरा लाभ हा लॉक्स जाण्याचा आहे. अनेक जोडण्यांमध्ये सामायिक स्थिती असते आणि प्रत्येक घटनेचे काम लहान असते, तेव्हा एका थ्रेडवरचा लूप डोक्याला फार हलका जातो. प्रत्येक जोडणी स्वतंत्र आहे आणि तिचे काम लांबलचक आहे, तेथे मी आजही थ्रेडच निवडतो.

प्रश्नकर्तीचे निवेदन

आपणा सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे आधी मोजमाप केले. टायमरमधील सर्वांत मोठे अंतर २,९०० मिलिसेकंद आले, आणि एसट्रेसमध्ये त्या वेळी एफसिंकच होते. नावाच्या शोधाने अडवल्याची उदाहरणे कमी होती. एका वेळी एक लेखन आणि खेपेमागे एक एफसिंक अशी रचना केल्यापासून सर्वांत मोठे अंतर १०६ मिलिसेकंदांच्या वर गेलेले नाही. अ‍ॅड्रेस सॅनिटायझरने स्टॅकवरील बफरची चूक न वाचणाऱ्या ग्राहकासह पहिल्याच चाचणीत पकडली. ती पाहिल्यावर मला खरोखर धक्का बसला, कारण हा भाग मी कित्येकदा वाचला होता.

आता एकच प्रश्न उरला आहे. संथ ग्राहकाची जोडणी तोडताना मी यूव्ही_क्लोज करते आणि लगेच त्याचे स्ट्रक्चर मोकळे करते. कधी कधी प्रोग्राम त्यानंतर कोसळतो. रांगेत अडकलेल्या लेखनांचे नेमके काय होते?

उत्तर ३ लिहिणाऱ्याचे पुढील उत्तर

यूव्ही_क्लोज ही बंद करण्याची विनंती आहे. ती परत आली तेव्हा हँडल (त्या जोडणीसाठी लायब्ररी वापरते ते स्ट्रक्चर) अजून लूपच्या ताब्यात असते, म्हणून त्याची मेमरी फक्त यूव्ही_क्लोजला दिलेल्या कॉलबॅकमध्येच मोकळी करावी. रांगेत अडकलेली लेखने रद्द होतात, पण त्यांचे कॉलबॅक येतातच, स्थितीच्या जागी यूव्ही_ईकॅन्सल्ड हा आकडा घेऊन, आणि ते बंद झाल्याच्या कॉलबॅकच्या आधी येतात. संदेशांचे गणक तेथे नेहमीप्रमाणे कमी करावेत, मात्र ग्राहकाचे स्ट्रक्चर तेथे मोकळे करू नये. लेखनाच्या कॉलबॅकमध्ये त्रुटी दिसली की जोडणी तोडायची असा नियम आपण केला असेल, तर रद्द झालेले प्रत्येक लेखन पुन्हा यूव्ही_क्लोज करायला जाईल, आणि एकाच हँडलवर दुसऱ्यांदा ते केल्यास लायब्ररी प्रोग्राम तेथेच थांबवते. म्हणून यूव्ही_क्लोज करणारे एकच फंक्शन ठेवा आणि त्याच्या पहिल्या ओळीत यूव्ही_इज_क्लोझिंग तपासून मगच पुढे जा.

त्याच फंक्शनमध्ये ग्राहकाला वितरणाच्या यादीतून काढायलाही विसरू नका. यादीतून काढणे बंद झाल्याच्या कॉलबॅकवर सोपवले, तर मधल्या काळात आलेला संदेश बंद होत असलेल्या हँडलवर लिहिला जाईल. आणि वितरणाची फेरी चालू असतानाच एखाद्या ग्राहकाची रांग मर्यादेबाहेर गेल्याचे कळत असेल, तर यादीतून फिरताना पुढच्या घटकाचा पत्ता आधीच बाजूला घेऊन ठेवा.